कुणाचेच नसलेले शब्द

निवृत्त झालेल्या विज्ञान शिक्षिकेला दोन कामं हमखास मिळतात: नात्यातल्या पोरांच्या फुकट शिकवण्या आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची देखरेख. मला तिसरंही मिळालं. दिंडोरी रोडला एका खासगी दवाखान्याच्या मागच्या इमारतीत मेंदूवर संशोधन सुरू झालं होतं. साठी ओलांडल्यावर माणसाची स्मरणशक्ती कशी बदलते, ती कुणाची टिकते आणि कुणाची गळते, हे तिथे बघायचं होतं. मुख्य डॉक्टरबाई परदेशात शिकून आलेल्या. त्यांच्या हाताखाली कळवणकडची एक संशोधक, कामाला चोख आणि बोलायला कमी. आणि मी भाषा सल्लागार. म्हणजे परदेशातून आलेली चाचणी नाशिकच्या माणसाला कळेल अशी करून द्यायची, आणि आलेल्या माणसाला चहा पाजून तो पळून जाणार नाही हे बघायचं.

पहिलं काम शब्दांचं होतं. चाचणीत पाच शब्द ऐकवतात, मग इकडचं तिकडचं विचारतात, वजाबाक्या करायला लावतात, आणि थोड्या वेळाने म्हणतात, मघाचे पाच शब्द सांगा. मूळ यादीत कुठल्या तरी थंड प्रदेशातलं फूल होतं, ते आमच्याकडे कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. मी लगेच शेवंती सुचवली. डॉक्टरबाई म्हणाल्या, इथे फुलशेतीवाले येणार, त्यांना शेवंती जास्त लक्षात राहील, ते अन्यायाचं होईल. शब्द असा हवा की ज्यावर कुणाचाच हक्क नाही आणि ज्यात कुणाचाच जीव अडकलेला नाही. मग मंदिर गेलं, कारण पंचवटीतले गुरुजी येणार. कांदा गेला, द्राक्ष गेलं, ट्रॅक्टर गेला. रंग निवडताना तर निळा, भगवा आणि हिरवा यांचं नावही कुणी काढलं नाही. आपल्याकडे एकेक रंग कुणाच्या ना कुणाच्या झेंड्यावर जाऊन बसलेला आहे. उरला जांभळा, त्याला अजून पक्ष मिळालेला नाही. शेवटी यादी झाली: कुलूप, बदक, शिडी, गालिचा, जांभळा. कुणाचेच नसलेले पाच शब्द. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

शब्दांचं जमलं, माणसांचं जमेना. मेंदूत वीज वाहते, आणि ती डोक्याला बिल्ले चिकटवून बाहेरून मोजता येते, हे मी शाळेत अनेक वर्षं शिकवलं. पण ते बिल्ले तेलावर चिकटत नाहीत, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आपल्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे माणूस नीटनेटका होऊन जातो, आणि नीटनेटकं म्हणजे चापूनचोपून तेल. रोज सकाळी आमच्या कॉलनीतल्या बागेच्या फाटकाशी फुलं विकायला बसणारी एक बाई आहे, मखमलाबादकडची. तिला मीच आग्रह करून आणलं. ती वाटीभर तेल जिरवून, घट्ट अंबाडा घालून, वर गजरा माळून आली. कळवणच्या बाईंनी तिला नम्रपणे परत पाठवलं आणि केस धुऊन यायला सांगितलं. ती माझ्यावरच उखडली. तिचं म्हणणं असं की बिनतेलाच्या डोक्याने बाई घराबाहेर पडते ती फक्त सुतकात, आणि तिच्या घरात सगळे धडधाकट आहेत.

एमआरआयची तऱ्हा वेगळी. त्या नळकांड्यात शिरताना अंगावर धातू चालत नाही. लग्नापासून न निघालेली जोडवी साबण लावून काढावी लागायची, आणि मंगळसूत्र तर यमाने मागितलं तरी कुणी देणार नाही. त्यावर एका आजींनीच तोड काढली, दोऱ्यात हळकुंड बांधून घातलं. मग मी कपाटात हळकुंडांची पुडीच ठेवली. डॉक्टरबाईंनी खर्चाच्या कागदावर ते काय म्हणून दाखवलं, मी विचारलं नाही. आत गेल्यावर सूचना असायची की शांत पडून राहा, कसलाही विचार करू नका. मेंदू रिकामा असताना काय करतो ते त्यांना बघायचं होतं. पंचवटीतले एक गुरुजी शांतपणे म्हणाले की ते आयुष्यभर हेच जमवू बघतायत, जमलं असतं तर इथे कशाला आले असते.

पण खरी पंचाईत होती ती धडधाकट माणसांची. विसरणारी माणसं मिळत होती, त्यांना घरचे आणून सोडत होते. त्यांच्याशी तुलना करायला त्याच वयाची ठणठणीत माणसं लागतात, आणि ठणठणीत माणूस दवाखान्याची पायरी कशाला चढेल? शिवाय लोकांना वाटे, मेंदूची तपासणी म्हणजे वेडाची. घरात नातीचं लग्न ठरत असताना आजोबांनी डोक्याला वायरी लावून घेतल्या, ही बातमी कुणाला परवडत नाही. तेव्हा मी आमच्या बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर गेले. हे संशोधन आहे, आजार नाही, उलट तब्येत चांगली असणाऱ्यांनाच घेतात, असं सांगितलं. आपण निवडक आहोत म्हटल्यावर सगळे तयार झाले. आणि लोकांना धीर यावा म्हणून मी पहिला माणूस घरचाच नेला.

आमचे हे अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. हजारो सुटे भाग, त्यांचे नंबर, कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर, सगळं तोंडपाठ. कॉम्प्युटर आला तेव्हा साहेब लोक आधी यांना विचारायचे आणि मग कॉम्प्युटर बरोबर सांगतोय का ते बघायचे. असा माणूस त्या वर्षी दूध तापवलंस का म्हणून एकाच सकाळी पुन्हा पुन्हा विचारू लागला होता. एकदा पंचवटीत भाजी आणायला गेले आणि गाडी तिथेच ठेवून रिक्षाने परत आले. आले ते हसत. म्हणाले, पार्किंग मिळत नाही ना, म्हणून जागा धरून ठेवली. मीही हसले. मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. नवी आठवण आधी तिथे उतरते. तो भाग थकला की जुनं सगळं शाबूत राहतं आणि आज सकाळचं पुसलं जातं. हे मला पाठ होतं. ज्ञानाने माणसाला धीर येतो, असं मी मुलांना शिकवायचे. मला धीर आला नाही. यांना मी कट्ट्याला धीर द्यायला नेलं हे खरंच, पण मला स्वतःला जाणून घ्यायचं होतं की हे साधं वय आहे की दुसरं काही.

आणि तेच मला कळणार नव्हतं. संशोधनाचा नियम असा की तपासणाऱ्याची तपासल्या जाणाऱ्याशी ओळख नको. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, आणि कुणाला किती जमलं हे त्याच्या नात्यातल्या माणसाला सांगायचं नाही. निकाल वाचणाऱ्याला माणूस दिसू नये आणि माणसाच्या घरच्यांना निकाल. शास्त्रात याला आंधळेपणाच म्हणतात आणि तो गुण समजला जातो. संसारातही आम्ही तो बरीच वर्षं पाळला होता, त्यामुळे मला तक्रार करायला जागा नव्हती. यांना कळवणच्या बाईंनी आत घेतलं. मी बाहेर चहाच्या थर्मासशेजारी बसून राहिले.

हे बाहेर आले ते रुमालाने चष्मा पुसत. मी विचारलं, कसं झालं. म्हणाले, झकास. मागून कळवणच्या बाई आल्या आणि माझ्याकडे न बघता पुढच्या माणसाला बोलावलं. त्या तशाही कुणाकडे फारसं बघत नसत, अशी मी मनाची समजूत घातली.

नंतर यांचं कट्ट्यावर जाणं वाढलं. आधी सकाळी तासभर जायचे, आता नाश्त्याची वेळ टळून जाऊ लागली. मला बरंच वाटलं. माणसांत मिसळणं मेंदूला चांगलं असतं, हे आमच्या संशोधनाच्या तक्त्यावरच लिहिलेलं होतं. त्या दिवसांत एक-दोनदा हे अंघोळ करताना काहीतरी पुटपुटताना ऐकू आले. वाटलं, म्हातारपणी देवाचं नाव घ्यायला लागले. तरुणपणी देव्हाऱ्यातली समई यांच्या सिगरेटच्या कामी यायची, म्हणून मी त्यात पडले नाही.

इकडे संशोधनात आनंदीआनंद झाला. कट्ट्यावरची माणसं एकेक करून येत होती आणि पाचच्या पाच शब्द सांगून जात होती. नुसतं सांगत नव्हती, त्याच क्रमाने, एका दमात सांगत होती. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, ज्यांना स्वतःच्या सुनेचं नाव आठवायला वेळ लागे, तेही जांभळ्यापर्यंत न अडखळता पोचत. डॉक्टरबाई भारावून गेल्या. त्यांनी परगावच्या सहकाऱ्यांना फोन केले. हवा, पाणी, आहार, एकत्र कुटुंब असे तर्क सुरू झाले. नाशिकची माणसं चालतात भरपूर, असं एक मत पडलं. नागलीच्या भाकरीचाही विषय निघाला, पण आमच्या कट्ट्यावर नागली फक्त एकाला पचते, त्यामुळे तो मागे पडला. मला आपल्या गावाचा अभिमान वाटला. शंका यायला हवी होती. वर्गात पन्नास मुलांनी एकच चूक केली की मी ताबडतोब पकडायचे, पण पन्नास जणांचं एकच उत्तर बरोबर आलं की शिक्षकाला स्वतःच्या शिकवण्यावर विश्वास बसतो.

मग एक दिवस ती फुलवाली परत आली. केस शिकेकाईने धुतलेले, मोकळे, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा राग तसाच. त्या दिवशी बिल्ल्यांची टोपी नीट बसवायला मदत म्हणून मीही आत होते. कळवणच्या बाईंनी नेहमीसारखं सुरू केलं: मी आता पाच शब्द सांगणार आहे, ते नीट ऐका. फुलवालीने हात वर केला.

"ते कुलूप-बदकवालं ना? ते पाठ हाय मला. दुसरं इचारा."

आणि तिने म्हणून दाखवलं. पाढे म्हणतात त्या चालीवर, मान डोलवत, जांभळ्यावर हात आपटून सम धरत. कळवणच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली की रोज सकाळी बागेतली म्हातारी मंडळी हसण्याचा व्यायाम झाला की हे म्हणतात. ती फाटकाशी बसते, कानावर पडतं. भाजीबाजारातल्या दोघींनाही येतं.

डॉक्टरबाईंनी ते ऐकून डोकं धरलं. परदेशातून आणलेली यंत्रं, नियम, क्रमांक, आंधळेपणा, सगळं जागच्या जागी होतं आणि पेपर फुटला होता. आमच्या लोकांना संशोधन कळलं नव्हतं, परीक्षा कळली होती. आणि परीक्षा म्हटलं की बाहेर आलेल्याने आत जाणाऱ्याला प्रश्न सांगायचे, हा धर्म आहे. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, तुमच्या कॉलनीतला प्रकार आहे, कुठून सुरू झालं ते बघा, म्हणजे कुणाकुणाचे निकाल बाद करायचे ते ठरवता येईल.

दुसऱ्या दिवशी मी चिडूनच बागेत गेले. हे पुढे एक फेरी मारायला गेले होते. कट्ट्याचे म्होरके एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, गणित शिकवायचे. पाढ्याची चाल त्यांचीच, हे मला विचारावंही लागलं नाही. मी त्यांना चांगलं सुनावलं. तुम्ही जन्मभर कॉपी पकडलीत आणि म्हातारपणी अख्ख्या कट्ट्याकडून करवलीत, इतके महिने लोकांनी घाम गाळला तो वाया घालवलात, असं बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाकावर जरा सरकून मला जागा करून दिली.

त्यांनी सांगितलं ते असं. सुरुवात आमच्या यांनीच केली. चाचणी देऊन जो बाहेर येईल त्याला हे दुसऱ्या दिवशी बागेत गाठायचे आणि विचारायचे, शब्द कोणते होते? लोकांना वाटलं, मीच यांना टेहळणीला ठेवलंय, कोण किती लक्षात ठेवतो ते बघायला. म्हणून त्यांनी सांगितले. पण दुसऱ्या दिवशी हे पुन्हा विचारायचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हा मंडळींना कळलं.

"बाई, त्यांना एकट्याला पाठ करायला लावणं बरं दिसेना. शरमले असते. मग आम्ही म्हटलं, चला, सगळेच म्हणू. चालीवर घातलं की त्यांना येतं. आता पाचही सांगतात."

मी त्यांना विचारलं की मला का सांगितलं नाही. ते म्हणाले, यांनी शपथ घातली होती. आणि नंतर म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल, तुमचा तर विषयच तो आहे.

ते शब्द मी निवडले होते. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून निवडले होते. ज्या घरात शब्द बनवणारी बाई राहत होती, त्या घरातला माणूस तेच शब्द गावभर विचारत फिरत होता. मला विचारले असते तर मला कळलं असतं, म्हणून. मला राग आला, कुणाचा ते ठरवता येईना, आणि रडूही आलं. समोर मंडळींचा हसण्याचा व्यायाम सुरू झाला. दोन्ही हात वर करून हा हा हा. हे फेरी संपवून त्यांच्यात जाऊन उभे राहिले होते आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होते.

डॉक्टरबाईंना मी सांगितलं की गळती कट्ट्यावरून झाली, कट्ट्याचे सगळेच निकाल बाद करा. मग हेही सांगितलं की ती कुणामुळे झाली आणि का. त्यांनी कागदांची आवराआवर थांबवली. कळवणच्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि मला कळलं की यांना किती शब्द आले होते हे त्यांना त्या दिवसापासून माहीत होतं, आणि नियम पाळणं त्यांना जड गेलं होतं. त्या म्हणाल्या, मी सांगू शकत नव्हते बाई. मी म्हटलं, मला माहितीये. यांना तपासायला पुढच्या आठवड्याची वेळ डॉक्टरबाईंनी स्वतः घेऊन दिली, संशोधनासाठी नाही, पुढच्या इमारतीतल्या दवाखान्यात, जिथे क्रमांकाऐवजी नावाने हाक मारतात.

नव्या शब्दांची यादी करायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं. मी नाही म्हटलं. कुणाचाच नाही असा एकही शब्द आता मला सुचेना.

घरी आले तेव्हा हे मेथी निवडत बसले होते. पानं डब्यात आणि काड्या कागदावर, स्टोअरमध्ये माल लावावा तशा एका रांगेत. मी समोर बसले. दवाखान्याचं सांगायचं होतं, सुरुवात सापडत नव्हती. म्हणून विचारलं, ते पाच शब्द येतात का हो तुम्हाला?

यांनी हात थांबवले. मग मान किंचित डोलवत, हळू आवाजात, चालीवर म्हणाले, कुलूप, बदक, शिडी, गालिचा, जांभळा. एकही चुकला नाही. म्हणून झाल्यावर हातातल्या काडीकडे बघत राहिले.

"पण हे आपण पाठ कशाला करत होतो गं?"

"मला कळू नये म्हणून," मी म्हणाले.

यांना ते पटल्यासारखं दिसलं. थोडं हसले, काडी रांगेत ठेवली.

"मग? कळलं का तुला?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या पुढ्यातली अर्धी जुडी माझ्याकडे ओढली.